अल्लाहने दिलेली रजा

ताइपिंग, ३ जुलै

चि. रोहाया,
सलाम आणि आशीर्वाद. वि. वि. गुडघा ठीक, डोकं नाही.

नातीचा, दानियाचा, कुराणाचा वर्ग चार दिवस मोबाइलवर आणि शनिवारी मशिदीत, बाईंसमोर. मोबाइलवर पोरगी अस्खलित म्हणते, दाराआडून मीच ऐकते. पण कॅमेरा बंद! सूनबाई सूक यी म्हणतात, नेट मंद आहे. आणि शनिवार उजाडला की पोरीचं पोट दुखतं. कॉन्व्हेंटात शिकले, तिथेच जन्मभर शिकवलं. असली पोटं मला पाठ आहेत. नक्की कुणाचं तरी रेकॉर्डिंग लावतात. पुढच्या महिन्यात तिच्या कुराण-समाप्तीच्या समारंभाला अख्खी गल्ली बोलावली आहे. चारचौघांत वाचा बसली तर तोंड कुठे लपवू?

काल बाईंना गाठलं. त्यांनीच उलट विचारलं, दानिया दर महिन्याला 'अल्लाहने रजा दिली' असं कळवते, इतक्यात वयात आली का? अगं, नऊ वर्षांची पोर, आणि पाळीची रजा! खोटं बोलायचं तेही धड नाही.

तुझी,
काक लोंग

पिनांग, ८ जुलै

ती. काक लोंग,
सलाम. थोरल्या बहिणीला हसू नये, पण हसले.

रेकॉर्डिंगला पाळी येत नाही. तुझी केव्हाच संपली. मग घरात उरलं कोण? सूक यी लग्नासाठी मुसलमान झाली, आपण तिला नमाज शिकवला. कुराण वाचायला कोणी शिकवलं? एका ईदला तिने दोन ओळी म्हटल्या आणि तू सगळ्यांदेखत चुका काढल्यास. त्यानंतर तिने तुझ्यासमोर तोंड उघडलेलं मला आठवत नाही. माझी पत्रंसुद्धा तू लाल शाईने सुधारून परत पाठवतेस!

लोभ आहेच, शाई कमी कर.
रोहाया

ताइपिंग, १५ जुलै

चि. रोहाया,
सलाम. दोन स्वल्पविराम चुकलेत. बाकी बरोबर.

सूक यीला विचारलं. आधी ती लेकीला सोबत म्हणून बसायची. एकदा दानिया पेंगली, हिने ओळ म्हटली, बाईंनी दानियाच समजून शाबासकी दिली. म्हणाली, या घरात आल्यापासून पहिलीच. तेव्हापासून कॅमेरा बंद. आणि आमची लबाड नात तेवढा वेळ मांजराशी खेळायची! समारंभ पुढे ढकलला. गल्लीला सांगितलं, माझा गुडघा.

शनिवारी दोघी बाईंसमोर बसल्या. मी कसला विश्वास ठेवते! मागे जाऊन बसले. सूक यी एका अक्षराला अडखळली. माझी जीभ वळवळली. डब्यातली नारळाची वडी अख्खी तोंडात कोंबली. तिने मागे वळून पाहिलं. माझं तोंड भरलेलं. मग तीच ओळ तिने मोठ्याने म्हटली.

लोभ असू दे, आणि स्वल्पविरामही.
तुझी,
काक लोंग