कै. श्रीहरी यांची तडजोड

ऊर्जानगर, चंद्रपूर
१२ ऑक्टोबर २००८

वडिलांप्रमाणे आदरणीय मुखरूभाऊ यांस,

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा श्रीहरी याचा दोन्ही हात जोडून रामराम. कमळावहिनींना व आईंनाही सांगावा. आपला गुडघा कसा आहे? यंदा तलाव पुरता भरला असे ऐकतो, म्हणजे मच्छीमार सोसायटीची मासोळी चांगली निघेल व आपल्याला पुन्हा कंबरभर पाण्यात उतरण्याचा मोह होईल. तो आवरावा. गुडघा तुमचा असला तरी काळजी आम्हा सर्वांची आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. मी जिवंत आहे. हे वाक्य आपल्याला विचित्र वाटेल, पण माझ्याविषयी काही कानावर आले असल्यास ते खोटे समजावे, एवढ्यासाठी आधीच लिहितो.

भाऊ, मी कर्जात बुडालो होतो. हे मी कुणाला सांगितले नाही, आपल्या बहिणीला, वच्छलालाही नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

चार वर्षांपूर्वी आमच्या प्लांटच्या कॅन्टीनसमोर टेबल मांडून टाय घातलेले एक गृहस्थ बसले होते. ते मला म्हणाले की आमची बँक क्रेडिट कार्ड निवडक माणसांनाच देते. (माझ्यामागे रांगेत साठ निवडक माणसे उभी होती, पण मी मागे वळून पाहिले नाही.) महिन्याभरात कार्ड आले. त्यावर माझे नाव उठावाच्या अक्षरांत होते. फिटरच्या नोकरीत माझे नाव आजवर हजेरीपटाशिवाय कुठेच उमटले नव्हते, त्यामुळे मी त्यावरून बोट फिरवत बसायचो. मग फ्रीज आला, रंगीत टीव्ही आला. आपल्या दिव्यानीला लग्नात दिलेली आलमारीही त्यातलीच. (ती परत मागण्याचा हेतू नाही. मुलीने सुखाने वापरावी.) वर्षाने बँकेचे पत्र आले की आपली मर्यादा वाढवण्यात आली आहे. आजवर लोकांनी मला मर्यादा सोडू नको एवढेच सांगितले होते. ती वाढवणारे हेच पहिले. मी सेक्शनमध्ये पेढे वाटले, तेही कार्डावरच.

दर महिन्याला कागद यायचा. त्यावर ‘किमान देय रक्कम’ असा रकाना असे. मी आज्ञाधारक माणूस. बँक किमान एवढे भरा म्हणते तर तेवढेच, तारखेच्या दोन दिवस आधी, रांगेत उभा राहून भरायचो. रुपया जास्त भरला तर त्यांच्या हिशोबात गोंधळ होईल अशी मला काळजी वाटे. दोन वर्षे एकही महिना चुकलो नाही, आणि दोन वर्षांनी पाहिले तर कर्ज होते त्याहून वाढलेले! पुढे पगार पुरेना तेव्हा त्याच कार्डातून रोख काढून त्याच कार्डाची किमान रक्कम भरली. हे मला त्या वेळी फार हुशारीचे वाटले होते. शेवटी भरणेच थांबले. घेतलेले मूळ अठ्ठेचाळीस हजार. व्याज, दंड, दंडावरचे व्याज आणि त्या सगळ्यावरचा कर धरून मागणी एक लाख सत्तावन्न हजारांची.

मग फोन सुरू झाले. दिवसातून आठ-दहा. मी आवाज बदलून सांगायचो की श्रीहरी गावाला गेले. “आपण कोण?” “त्यांचा भाऊ.” “मग आपण भरा.” असे चालले. भाऊ, त्या दिवसांत मला जेवण जात नव्हते. अशाच एका सकाळी फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेले की श्रीहरी वारले. पलीकडची बाई फार वाईट झाले म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्या दिवशी मी दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

चौथ्या दिवशी, सुटी होती, वसुली एजन्सीचे एक गृहस्थ क्वार्टरवर आले. नथ्थूजी त्यांचे नाव, वय पन्नाशीचे. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि वच्छलाला म्हणाले, “बाई, लय वाईट झालं. मालकाचा मृत्यूचा दाखला पाह्यजे होता जी.”

मी मागे न्हाणीघरात होतो आणि (हे सांगायला लाज वाटते) गाणे म्हणत होतो.

वच्छला म्हणाली, “कोन्या मालकाचा?”

“श्रीहरीभाऊंचा.”

“ते तर आंघोळ करून राह्यले.”

नथ्थूजींनी जोडलेले हात खाली घेतले आणि न्हाणीघराकडे कान दिला. तिने त्यांना पाणी दिले, सगळे विचारून घेतले आणि मी टॉवेलवर बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे पाहिले. मी पुष्कळ रागावलेली माणसे पाहिली आहेत, पण ती रागावलेली नव्हती. एवढेच म्हणाली, “कर्ज केलं ते केलं. माझं कुकू काऊन पुसलं?”

दोन दिवस ती ताट वाढायची आणि आत जायची.

नथ्थूजी मात्र जाताना तिला सांगून गेले होते, “बाई, आता बँकाच अशी प्रकरणं लोकअदालतीत लावून राह्यल्या. तिथी तडजोड होते. पन सगळं कागदावर घ्या. तोंडी कोनाचं ऐकू नका, माझंबी नाई.” (पोट वसुलीवर असलेल्या माणसाने हे सांगावे, याला काय म्हणावे!) तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. नोटिशीत तारीख आली ती पितृपक्षातली. मी म्हटले, दिवस चांगला नाही. ती म्हणाली, “तुमच्यासाठी तोच बरोबर हाय.”

चंद्रपूरच्या कोर्टात टेबलामागे एक निवृत्त न्यायाधीश बाई, एक वकील आणि समोर बँकेचे साहेब. माझे पाठ केलेले भाषण ‘माननीय’ या शब्दापुढे गेले नाही. वच्छला पुढे झाली.

“साहेब, मूळ किती घेतलं आमी?”

“अठ्ठेचाळीस हजार. पण आजची बाकी...”

“मूळ आमी बुडवत नाई. वरचं बोला.”

साहेब सव्वा लाखावर आले. ती पन्नासवर. साहेब एक लाखावर आले. ती पन्नासवरच. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून विचारले, “तुम्ही काय करता?”

“लगनाआधी मायसंग ब्रह्मपुरीच्या बजारात मासोळ्या इकत होतो जी. सकाळची मासोळी सांजेले सकाळच्या भावानं जात नाई. हे कर्ज तर चार वर्षांचं हाय.”

छप्पन हजारांवर सौदा पटला. सव्वीस हजार आठ दिवसांत, उरलेले सहा हजारांच्या पाच हप्त्यांत, त्यावर व्याज नाही, फोन बंद. साहेब म्हणाले की रेकॉर्डवर ‘तडजोड’ असा शेरा राहील व बरीच वर्षे यांना कोणी कर्ज देणार नाही. वच्छला लगेच म्हणाली, “हे बी शिक्क्यानं लिहून द्या जी.” न्यायाधीश बाई हसल्या. मी सही केली. कार्ड तिने तिथेच कात्री मागून कापले. सव्वीस हजार वेळेवर भरले आणि पहिला हप्ताही परवा गेला. मार्चमध्ये बाकी नसल्याचा दाखला मिळेल. मी पूर्ण सुधारलो आहे. उधार हा शब्द माझ्या तोंडून या जन्मी निघणार नाही.

घरातील सर्वांस यथायोग्य. गुडघ्याला तेल लावत जावे.

आपला,
श्रीहरी (हयात)

ता.क. सव्वीस हजार कुठून आले हे वर लिहायचा धीर झाला नाही. लग्नात आपण वच्छलाला घातलेली अडीच तोळ्यांची सोन्याच्या मण्यांची एकदाणी तिने माझ्यासाठी मोडली. भाऊबीजेला ती मोकळ्या गळ्याने येईल. आईंसमोर कृपया विचारू नये. मला मारायचे असल्यास मी स्वतः येतो.

ता.क. २. ब्रह्मपुरीचे आपले ओळखीचे सोनार वीस हप्त्यांत तशीच एकदाणी देतात असे कळते. फक्त जामीनदार लागतो. आपण एक सही केलीत तर भाऊबीजेआधीच तिच्या गळ्यात घालता येईल. ही उधारी नव्हे, हे आपण समजून घ्याल. पत्र वच्छलाजवळच टाकायला देतो आहे, पाकीट चिकटवले आहे.

भाऊ, मी वच्छला. पाकीट वाफेवर उघडलं. एकदाणी मोडली नाई, तांदळाच्या पिपात हाय. सव्वीस हजार माझ्या भिशीचे होते, सहा वर्षांचे. मोडली म्हटलं म्हनून तर मानूस वळला, मार्चपर्यंत तसंच राहू दे. मी मोकळ्या गळ्यानं येईन, तू रागावल्यासारखं करजो, पन जास्त बोलू नको. अदालतीत सही करताना त्यांनी आपलंच नाव दोनदा चुकवलं, मले पाहवलं नाई. आनि सोनाराकडे सही करू नको.