सावली उरली ती ट्रकची

अकोला, मे महिन्यातला रविवार, रात्र

ती ट्रकची सावली डोक्यातून जातच नाही.

सकाळी बाबांना स्कूटरवर घेऊन पातूरला आत्याकडे निघालो. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंचे जुने कडुनिंब तोडले, हे ठाऊक होतं. पण सकाळीच एवढी झळ? अर्ध्या वाटेत बाबा म्हणाले, "थांब रे, मले चक्कर येऊन राहिली."

थांबू कुठे? शेवटी एका बंद पडलेल्या ट्रकच्या सावलीत बसवलं. झाडाखाली वारं तरी गार लागायचं. इथं डांबराचीच धग. पंच्याहत्तरीचा माणूस, ट्रकच्या चाकाला टेकून. मी त्यांना आणलंच कशाला?

पातूरचे डोंगरही आता बोडके दिसतात. आत्या म्हणते, जंगलाकडून यायचा तो संध्याकाळचा गारवा गेलाच.

ऊन उतरल्यावर निघताना बाबा तिला म्हणाले, "बाई, आता पाऊस पडल्यावरच येतो. हे ऊन नाई सोसत मले."

दर महिन्याला भेटणारी भावंडं ही. ऐंशीची आत्या त्यांचा हात सोडेना. "तवर मी राहीन काय रे?"

बाबा हात सोडवून स्कूटरवर बसले. घरी आल्यापासून अंगणात बसलेत. जेवायला दोनदा हाक मारली, उठत नाहीत.