नावाआधीचा ठसा

४ फेब्रुवारी १८७९, मंगळवार

आज आणखी एक अमर माणूस उरकला. कवी. दाढी, शाल, कपाळावर तीन आठ्या. तांब्याच्या पत्र्यावर चेहरा केनोने काढला, आम्लात त्यानेच बुडवला, म्हणून डाव्या कोपऱ्यात त्याचं नाव. उजव्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं. मध्ये मादाम लोरिओलचं, कारण थोरामोठ्यांची ही चित्रमालिका तिची. आणि ही सगळी नावं कोरली कोणी? मी! तीही उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटावीत. तीस वर्षं हेच चाललंय. माझं नाव एकाही कोपऱ्यात नाही.

कवी अजून जिवंत आहे, म्हणून जन्मसालापुढे आडवी रेघ मारून जागा मोकळी सोडली. नेहमीच सोडतो. उद्या माणूस गेला की साल भरता येतं. महाशयांनी ती जागा पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला म्हणे. अमर म्हणून मिरवायचं आणि बोटभर कोऱ्या तांब्याला घाबरायचं!

१४ फेब्रुवारी

डॉक्टर व्होद्रे आला होता. हातमोजे न काढता चित्रं चाळणारा. त्याला फक्त नाव कोरण्याआधी काढलेले ठसे हवे असतात. 'अक्षरं आली की चित्राचा श्वास कोंडतो,' म्हणाला — माझ्या तोंडावर! आणि अशा बिननावाच्या ठशांना जास्त किंमत मोजतो. म्हणजे मी हात लावला की माल स्वस्त होतो. धन्य आहे.

१९ फेब्रुवारी

मादामने बोलावलं. नवी बारा चित्रं मुळी अक्षरांशिवायच निघणार. डॉक्टर आणि त्याच्या मित्रांची तशी हौस. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, म्हणाली. मी म्हटलं, छे, मला कसलं वाईट!

वाईट वाटलं. फार वाटलं. पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं कोरणाऱ्याला कोण काम देणार? दुसरं काही मला येत नाही.

२७ फेब्रुवारी

बारावा चित्रासाठी बसेना. कादंबरीकार होता, नाकावरच्या चामखिळीवरून अडला. मग केनोने स्वतःकडचा कुठलासा जुना कच्चा आराखडा घेऊन दुसराच चेहरा पत्र्यावर उतरवला. मी ठसा पाहिला. बाजूने काढलेला म्हातारा, मान खाली, अंगात केसाळ कॉलरचा कोट. काय तो तोरा! ओठ असा मुडपलेला, की सूर्याने याला विचारूनच उगवावं. कान बोकडाचा. अशा माणसाशेजारी जेवायला बसावं लागलं तर मी उपाशी उठेन.

हा कोण, म्हणून विचारलं. केनो ब्रश धूत होता. "तू त्याला नीट कधी बघितलेलं नाहीस," एवढंच म्हणाला. केनो असाच आहे. एक वाक्य बोलतो आणि दोन दिवस त्यावर काढतो.

८ मार्च

मादामच्या दिवाणखान्यात प्रदर्शन. बारा चित्रं, नाव एकालाही नाही. पोट धरून हसावं असा प्रकार! कोण कोण आहे हे कोणालाच कळेना, आणि विचारायचं म्हणजे अडाणी ठरायचं. म्हणून सगळे मान डोलावत पुढे सरकत होते. बाराव्यापाशी मात्र गर्दी. एक बाई म्हणाल्या, तत्त्ववेत्ता दिसतोय. डॉक्टरने चष्मा सावरला आणि जाहीर केलं की हा व्होबेर, गेल्या वर्षी वारलेला संगीतकार. कपाळावरूनच सूर ऐकू येतात. झालं! सगळ्यांना सूर ऐकू यायला लागले. व्होबेर आयुष्यभर दिजों शहराबाहेर पडला नाही, त्याला पाहिलेलं तिथे कोणी नव्हतं, म्हणूनच एकमत झालं.

हा व्होबेर नाही, हे मादामला ठाऊक होतं. ती हसून सगळ्यांना केक वाटत राहिली.

१० मार्च

नाकं घासत आली शेवटी! व्होबेरच्या चाहत्यांना चित्र हवंय, आणि नावासकट हवंय. नाव नसेल तर पटणार कसं? मादामने कागद हातात दिला: 'व्होबेर, संगीतकार. जन्म १८११ — मृत्यू १८७८.' मी म्हटलं, हा व्होबेर नाहीच. ती म्हणाली, लोकांनी ठरवलंय, तुम्ही कशाला मोडता घालता? हे नीट झालं तर बाराही चित्रांवर अक्षरं चढतील, पुढच्या मालिकेवरही.

म्हणजे काम राहिलं! मी केनोला टोमणा मारला: घे, श्वास कोंडला तुझ्या चित्राचा. तो हसला नाही. "कोर की," म्हणाला आणि बाहेर निघून गेला. अक्षरांची मापं घ्यायला ठसा घरी आणलाय.

१६ मार्च, रविवार

क्लोतिल्दताई मसूर आणि डुकराच्या मांसाचं भांडं घेऊन आली. ठसा भिंतीला टेकवून ठेवला होता. शाल काढता काढता तिने पाहिलं. "अरे, हा कोट कोणाचा उसना घातलास?"

मी म्हटलं, तो व्होबेर आहे.

"असेल तुझा व्होबेर. बाबांचं नाक मला ओळखू येत नाही होय?"

मी हसलो. ती हसली नाही. तिने पिशवीतला हातआरसा काढला, मला दाढीच्या आरशासमोर उभं केलं, आणि तो बाजूला धरला. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःला बाजूने पाहिलं. तोच ओठ. तोच बोकडाचा कान.

ती गेल्यावर २७ तारखेचं पान काढून वाचलं. फाडणार होतो. नाही फाडलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला.

१७ मार्च

केनोला जाब विचारला. शेजारच्या खिडकीशी तीस वर्षं बसतोय, म्हणाला, हात मोकळा असला की तुला काढतो. कॉलर मादामसाठी चढवली. "अकरा जण नुसते बसलेत. एक तरी काम करताना दिसावा असं वाटलं."

सांगितलं का नाहीस?

"ओळखशील म्हणून वाट बघत होतो."

मी त्याचे ब्रश उचलले आणि धुऊन ठेवले. मी!

१८ मार्च

मादामचा निरोप: गुरुवारी सकाळपर्यंत अक्षरं हवीत, नाहीतर पत्रा दुसऱ्याकडे जाईल, आणि पुढची कामंही. कागद समोर आहे. माझ्या चेहऱ्याखाली 'मृत्यू १८७८' कोरलं की माझ्या पोटापाण्याची सोय झाली. एका ओळीचं काम. हजारदा केलेलं.

२० मार्च, गुरुवार

कोरलं. स्वतःचं नाव उलटं कधी लिहिलंच नव्हतं. 'आन्सेल्म त्रुसार. जन्म १८२४ —'. डाव्या कोपऱ्यात केनोचं नाव, इतकं नीट आजवर कोरलं नव्हतं. पत्रा मादामच्या टेबलावर ठेवला, कोरण्या फडक्यात गुंडाळल्या आणि घरी आलो. रेघेपुढे बोटभर तांबं मोकळं सोडलंय. बघू, कोणता गाढव भरतो ते!