डोंगराखालची गुंतवणूक

कुताइसी, जॉर्जिया
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुला आणि समीक्षावहिनीला नमस्कार. बिरवाडीतली जुनी खोली सोडलीत, असं वहिनीच्या मेसेजवरून कळलं. नव्या खोलीत कारखान्यांचा वास कमी येतो म्हणे. बरं झालं. तुझा खोकला थांबला का? रात्रपाळीला जाताना कानाला मफलर बांधत जा.

मी बरी आहे. हा देश आपल्यापासून लांब, पण या बाजूचा पाऊस अगदी आपल्यासारखा. डोंगर हिरवेगार. लोक मक्याची भाकरी मातीच्या तव्यावर भाजतात. तुला आवडली असती.

मागे तू विचारलं होतंस, "निशे, शेअर तर मोबाईलवर पन घेता येतात, मग तुझी कंपनी तुला जगभर कशापायी फिरवते?" तेव्हा मी हसून टाळलं. आमच्या श्रुतिका मॅडम मुंबईतल्या लोकांचा पैसा परदेशी कंपन्यांत गुंतवतात, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया लावत नाहीत. व्हिएतनाममध्ये त्यांनी मला बुटांच्या कारखान्याच्या फाटकासमोर दोन दिवस नुसतं बसवलं. पाळी सुटल्यावर बाया सायकलने जातात की स्कूटरने, फाटकावर भरतीची पाटी आहे का, ते बघ म्हणाल्या. नैरोबीच्या बाजारात भाजीवाल्या मोबाईलवर पैसे घेतात, तिथे पूर्ण दिवस काढला. मॅडम म्हणतात, "परदेशात पैसा दोनदा बुडू शकतो. एकदा कंपनीच्या भावात आणि एकदा त्या देशाच्या चलनात. त्याशिवाय तिसरा एक धोका असतो. तो अहवालात कुणी लिहीत नाही. त्याच्यासाठी तिथे जावं लागतं."

खरं तर हे सगळं मी फोनवरही सांगितलं असतं.

पितृपक्षात तुझा फोन आला होता. तू म्हणालास, "भटजी बोलले, दर्भाची बाहुली करून अग्नी देता येतो. तू आलीस की करून टाकू. किती वर्सं आईला अशीच ठेवायची गो?" मी रेंज जात असल्याचं सांगून फोन ठेवला. दादा, रेंज होती.

डोंगर वाडीवर आला तेव्हा तू पाळीवर होतास आणि मी मुंबईत. तू जाऊन हातांनी माती उपसलीस. मी पोचले तोवर पोकलेन थांबवला होता. बाकीच्यांची माणसं सापडली, आपली आई सापडली नाही. तुझी नखं गेली होती, त्यामुळे स्वतःच्या हातांकडे बघून तुला खरं कळलं असेल. मला कळायला काहीच नव्हतं. म्हणून कुणी विचारलं की मी सांगते, आई गावी असते, पोलादपूरच्या वर. मॅडमनाही तेच सांगितलं होतं.

आणि ती दिसते, दादा. बुटांच्या कारखान्यातून सुटलेल्या बायांत दिसली. नैरोबीत भाजीच्या ढिगामागे होती. तेच हिरवं लुगडं, खांद्यावर तेच ठिगळ. नेहमी पाठमोरी. मी हाक मारत नाही. हाक मारली आणि दुसरीच कुणी वळली तर? मॅडम 'पुढच्या महिन्यात कुठे जायला तयार आहेस?' असं विचारतात, तेव्हा मी सगळ्यांआधी हात वर करते तो कामाच्या हौसेने, असं त्यांना वाटतं.

गेल्या आठवड्यात मॅडम, मी आणि एक दुभाष्या असे आम्ही इथल्या एका खेड्यात गेलो. नदीवर वीज करणारी एक कंपनी आहे, तिच्यात पैसा लावायचा विचार होता. आकडे उत्तम होते. डोंगराच्या पायथ्याशी कामगारांच्या खोल्या आणि त्यांच्या वरच्या अंगाला एका म्हातारीचं घर. ती एकटीच राहते. तिने आम्हाला बोलावून भाकरी आणि चीज दिलं. पाणी मात्र बाटलीतलं दिलं. मी दुभाष्याला कारण विचारलं. म्हातारी म्हणाली, दोन दिवस झाले, झऱ्याचं पाणी गढूळ येतंय.

पाऊस नव्हता, दादा. आभाळ कोरडं होतं.

मी उठून घरामागे गेले. आक्रोडाच्या झाडांमधून जमीन फाटली होती, पाऊल जाईल एवढी. कुंपणाचे खांब सगळे एकाच बाजूला झुकलेले. माझ्या कानात आईचा त्या दिवशीचा फोन वाजायला लागला. "निशे, झऱ्याला आज लाल पानी येतंय गो. वर कुनाची ढोरं उतरली असतील." भर पावसातही नितळ असणारा आपला झरा. तिला कळलं नाही, मला कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं.

मी मॅडमना म्हटलं, "इथे पैसा नको. आणि ही माणसं आत्ता हलवायला सांगा."

कंपनीचा इंजिनिअर हसत वर आला. भेग बघितल्यावर त्याचं हसू गेलं. संध्याकाळपर्यंत कामगारांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. पण म्हातारी हलेना. ती दारात बसली आणि दुभाष्यामार्फत म्हणाली, "हा डोंगर माझ्या आजीने बघितलाय. या परक्या मुलीला काय माहीत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिच्या मागे, घरातल्या अंधारात, आई उभी होती. या वेळी तिचं तोंड माझ्याकडे होतं.

मी म्हटलं, "माझ्या आईच्या झऱ्यालाही असंच पाणी आलं होतं. त्याच संध्याकाळी डोंगर आला. माझी आई त्यात वारली."

पहिल्यांदाच म्हटलं, दादा. मराठीतच म्हटलं, मग इंग्रजीत. दुभाष्याने ते म्हातारीच्या भाषेत सांगितलं. तेच वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकलं. मॅडमनी मला धरलं.

म्हातारीने विचारलं, "सापडली का?"

"नाही."

ती उठली. नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढला, एक कोंबडी काखेत धरली आणि दुसऱ्या हाताने माझा हात घट्ट पकडला. आम्ही उतरून नदीपलीकडच्या शाळेत आलो. मी एकदाच मागे बघितलं. आई तिथेच दारात उभी होती. ती आमच्याबरोबर आली नाही. तिला यायचंच नव्हतं, असं वाटलं.

डोंगर अजून जागेवर आहे. कदाचित येणारही नाही. कंपनीवाले चिडलेत, मॅडमनी मात्र पैसा लावला नाही. रोज सकाळी म्हातारी शाळेच्या ओट्यावरून घराकडे बघत बसते, असं दुभाष्या सांगतो. तेव्हापासून आई मला कुठेच दिसलेली नाही. बाजारात शोधली, बसस्टँडवर शोधली. फार एकटं वाटतं रे.

भटजींना दिवस विचारून ठेव. सावित्री नदीच्या काठी करू. दर्भाची बाहुली मीच करीन. आईचे केस कसे होते, ते तुझ्यापेक्षा मला जास्त आठवतंय. अग्नी तू दे.

मी येतेय.

तुझी बहीण आणि
कै. प्रयागबाईंची लेक,
निशिगंधा