बाईंची हुलकावणी

बाई, माझी मुलगी आता अमेरिकेत कॉलेजच्या संघातून खेळते. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच सिंगापूरला आले होते, साताऱ्याला पोहोचणं जमलं नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण मैदानावरची बातमी आधी तुम्हाला सांगायची, ही सवय काही सुटलेली नाही.

खेळ तुमच्या ओळखीचा नाही. फ्लॅग फुटबॉल म्हणतात त्याला. चेंडू लांबट, दोन्हीकडे निमुळता. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना फिती लावलेल्या असतात आणि चेंडू घेऊन पळणारीची फीत कोणी ओढली की ती तिथेच थांबली. पाडापाडी नाही. माझी मुलगी रनिंग बॅक आहे, म्हणजे मागे उभी राहून चेंडू हातात घ्यायचा आणि समोरच्या सगळ्या जणींना चुकवत पुढे सुटायचं. इथे सिंगापुरात, बुकित तिमाहच्या तिच्या शाळेत मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, अहो, हे तर आपलं खो-खोच आहे.

ती तेव्हा नववीत होती, संघात सगळ्यात बुटकी. तिला शिकवणारे अमेरिकन सर म्हणायचे की हिच्याइतकं वेगाने कोणी पळत नाही, पण फीत मात्र दर वेळी जाते. एक दिवस सरावाहून परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मला तुमचं स्वयंपाकघर आठवत होतं. सरावानंतर तुम्ही आम्हाला घरी नेता, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी देता, आणि जेवण झालं की त्याच आठ वाट्या फरशीवर ओळीने मांडता. वाट्या म्हणजे बसलेल्या मुली, लिंबू म्हणजे मी. ते लिंबू वाट्यांमधून फिरवत तुम्ही सांगता की मारणारीच्या हाताकडे बघू नकोस, पायाकडे तर मुळीच नाही. तिच्या खांद्याकडे बघ. खांदा एकदा वळला की तिला त्याच बाजूला जावं लागतं, मग तू दुसऱ्या बाजूची.

रविवारी मी आमच्या कॉन्डोच्या खालच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या आठ बाटल्या मांडल्या आणि तिच्या बाबांना मारणारी केलं. ते बिचारे बँकेतले गृहस्थ, दोन फेऱ्यांत धापा टाकायला लागले. मुलगी आधी वैतागली. "मम्मा, धिस इज नॉट खो-खो, लाह," इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मग मी साडीत नव्हते तरी पदर खोचल्यासारखा हात कमरेशी नेला आणि स्वतः पळून दाखवलं. डावा खांदा टाकायचा, समोरची त्या बाजूला कलली की उजवीकडून निघायचं. गुडघा दुखला, पण बाबांच्या हाती लागले नाही. पुढच्या आठवड्यात सरावाहून आली, बॅग टाकली आणि म्हणाली की खांद्याचं ते चालतं.

मग ती थांबलीच नाही. अकरावीत संघाची पहिली रनिंग बॅक झाली. एका सामन्यात मात्र तिचं सारखं चुकत होतं. प्रत्येक खेळीनंतर ती आमच्याकडे बघायची. मला जिल्ह्याचा सामना आठवला. वडील बघायला आले होते म्हणून मी पळताना तिकडे मान वळवली आणि बाद झाले. तुम्ही ओरडला नाहीत. बाजूला घेऊन एवढंच म्हणालात, "मैदानात असलीस की तू कोणाची मुलगी नाहीस." तेव्हा मला ते फार लागलं होतं. मध्यंतरात मी तेच वाक्य तिला सांगितलं आणि तिच्या बाबांना घेऊन सरळ झाडामागच्या बाकावर जाऊन बसले. उरलेला सामना आम्ही फक्त आवाजावरून ऐकला. तो ती जिंकून आली.

कॉलेजचं सोपं नव्हतं. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांना तिने खेळाचे व्हिडिओ पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, एकदोघांनी उंची विचारली आणि गप्प झाले. शेवटी एका लहानशा कॉलेजच्या प्रशिक्षक बाई व्हिडिओ कॉलवर बोलल्या. त्यांच्याकडे उंच मुली पुष्कळ आहेत, पण अशी वळणारी एकही नाही, असं म्हणाल्या. मात्र कबूल काहीच करत नव्हत्या. इथे येऊन निवड चाचणी दे, मग बघू, एवढंच त्यांचं म्हणणं. इकडे सिंगापुरात विद्यापीठातली चांगली जागा तिच्या हातात होती. त्या रात्रीच्या जेवणात बाबांनी शांतपणे विचारलं, "आणि तिकडे संघात घेतलंच नाही तर?"

"नाही घेतलं तर नाही, बाबा. आय कॅन स्टिल स्टडी, व्हॉट," ती म्हणाली. मग मराठीत, एकेक शब्द शोधत, "पण मला बघायचंय, मी किती पळू शकते."

बाबांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मला कळलं की ती जाणार.

चाचणीत ती निवडली गेली, पण बदली खेळाडू म्हणून. गेल्या रविवारी सकाळी तिचा सामना आम्ही टीव्हीवर लावून बसलो होतो. चहा गार झाला तरी ती बाहेरच. शेवटी पहिल्या मुलीला दम लागला आणि हिला आत घेतलं. चेंडू हातात आला. समोर एक उंच मुलगी. हिचा डावा खांदा पडतो, ती मुलगी तिकडे झुकते, आणि आमची उजवीकडून निघालेली असते. पार टोकापर्यंत. बाई, मी उभी राहून रडले. तिचे बाबा रिमोट धरून नुसते "अरे, अरे" म्हणत होते.

ती वळली तेव्हा कडेला उभ्या तिच्या मैत्रिणी एका सुरात "बाय!" ओरडल्या होत्या. फोनवर मी विचारलं, हे काय. ती हसायला लागली. सरावात कोणीतरी या हुलकावणीचं नाव विचारलं, तर तिने सांगितलं की ही बाईंची. त्यांना वाटलं, समोरच्या मुलीला टाटा केल्यासारखं बाय. आता सगळ्या संघात तेच नाव पडलंय. तिने ते दुरुस्त केलेलं नाही.

मग तिने विचारलं की बाईंचं खरं नाव काय. मी आडनाव सांगितलं. पहिलं नाव विचारल्यावर मात्र मी विषय बदलला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून इथे सांगते. तुमच्या घरी इतकं जेवले, तुमच्याकडून पळायला शिकले, पण तुमचं नाव मला माहीत नाही, बाई.