साडेनऊची शाळा

सर, तुमच्या शाळेची वेळ मी बदलली. सकाळचे सात दहा गेले, साडेनऊ आले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणजे ही बातमी तुमच्यापर्यंत पोचवायला कुणी उरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती मीच पोचवावी अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. तुम्ही मुख्याध्यापक होतात त्याच शाळेत मी आता गणित शिकवते. सिंदी मेघेहून स्कुटीवर देवळीला येते, ऑफिसात तुमच्या फोटोखाली ठेवलेल्या मस्टरवर सही करते आणि वर न बघता वर्गावर जाते. शिक्षकदिनाला तुम्हाला हार घालायची पाळी माझी आली की मी दरवर्षी काहीतरी काम काढते. सगळ्यांना वाटतं मी साधी आहे, पुढे पुढे करत नाही. तसं काही नाही. मला तुमचा राग होता, आणि तो मी नीट सांभाळून ठेवला होता.

तुमचं घर शाळेपासून चार घरं सोडून होतं. आंघोळ, पूजा, चहा सगळं उरकून सातला निघालात तरी प्रतिज्ञेला तुम्ही उभे. माझं गाव आठ किलोमीटरवर, आणि पहिली एसटी चार खेडी फिरून देवळीला पोचायची ती सात वीसला. हे तुम्हाला माहीत होतं. पोचेस्तोवर फाटकाला कुलूप, ते पहिला तास संपल्यावरच उघडायचं. पहिला तास गणिताचा, तुमचा. मी नववीत आहे, डिसेंबर आहे, पायात स्लिपर आहे, आणि मी बाहेर रस्त्यावर, भिंतीला पाठ लावून खिडकीतून येणारा तुमचा आवाज ऐकते आहे. बीजगणितातली अर्धी उदाहरणं मी अशी ऐकून सोडवली, फळा न बघता. एकदा एसटी वाटेत पंक्चर झाली. आम्ही तिघीजणी शेवटचे तीन किलोमीटर धावत आलो. तुम्ही फाटकाशी आलात, आमच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघितलंत आणि म्हणालात, "एसटी उशिरा आली. बरं. मग सूर्याला सांगू का, थांब बाबा जरा, या पोरींना यायचं आहे?" आत वर्ग हसला. त्या तिघींतली एक पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. तिचा बाप म्हणाला, रस्त्यावरच उभं राहायचं असेल तर तेवढ्यासाठी तिकीट कशाला काढायचं.

आणि ते बक्षीस. स्नेहसंमेलनात गणितात पहिली आले म्हणून तुम्ही मला गजराचं घड्याळ दिलंत. बाकीच्यांना पेनचे सेट, मला घड्याळ. माईकवरून म्हणालात, "आता तरी वेळेवर ये." सगळा मांडव हसला. मागच्या रांगेत माझे बाबाही हसले, कारण त्यांना वाटलं मोठ्या माणसाने कौतुकाने काही म्हटलं. सर, आमच्या घरात गजराची गरज नव्हती. आई चारला चूल पेटवायची, मी सव्वाचारला पाणी भरायला जायची. भाकरी आणि बेसन डब्यात घालून पावणेसहाला मी फाट्यावर उभी असायची. त्या वेळी तुम्ही कूस बदलत असाल. ते घड्याळ बाबांनी फळीवर मांडून ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. मी त्याला एकदाही चावी दिली नाही.

इतकी वर्षं मी तीच सात दहाची शाळा शिकवली. पहिल्या तासाला वर्गात नजर टाकली की दहा-बारा मुंडकी बाकावर. कुणाची लाळ वहीवर, कुणाच्या कपाळावर कंपासपेटीचा ठसा. ओरडून उठवायची, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पंधरा वर्षांच्या पोरांना त्या वेळी त्रिकोणाचे कोन शिकवणं म्हणजे दगडावर पाणी ओतणं. गेल्या वर्षी नववीत एक मुलगी आली, माझ्याच गावाच्या पलीकडची. आता तिकडची एसटी पूर्वीपेक्षा लवकर येते, पावणेसहाला निघते. ती साडेसहाला शाळेच्या पायरीवर येऊन बसायची आणि तिथेच डुलक्या घ्यायची. हुशार अशी की मी फळ्यावर चूक केली तर डोळे मिटलेले असताना तिला कळावी. तिच्याकडे बघून मला माझी नववी आठवायची आणि तुमचं कुलूप आठवायचं. शेवटी संस्थेकडे मी अर्ज दिला: हायस्कूल साडेनऊ ते साडेतीन करा.

अर्ज दिला आणि जणू मधमाश्यांच्या पोळ्याला हात लावला. आमच्या स्टाफमधले दोघं दुपारी घरी शिकवण्या घेतात, त्यांना एकाएकी मुलांच्या अभ्यासाची फार काळजी वाटू लागली. हायस्कूल साडेतीनपर्यंत चाललं तर दुपारी त्याच वर्गांत भरणाऱ्या प्राथमिकच्या पोरांना मागच्या टिनाच्या खोल्यांत बसावं लागणार, मार्चनंतरच्या उन्हात तिथे त्यांचं काय होणार, हा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्यावर माझ्याकडे पंखे लावू एवढंच उत्तर होतं. मग सप्टेंबरात पालकांची सभा बोलावली. रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानात, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं.

सभा सुरू व्हायच्या आधी त्या मुलीची आई मला पाण्याच्या टाकीजवळ भेटली. पदर सावरत, इकडेतिकडे बघत. म्हणाली, "मॅडम, तुमी टाइम बदलून राह्यल्या म्हन्ते. माह्या पोरीसाठी नका बदलू."

मी म्हटलं, "अहो, तिचीच झोप होत नाही म्हणून तर सगळं चाललं आहे."

"झोपीचं काय हो, ते एसटीत झोपते. पन साडेपाचले निघून जाते नं, तवा घरात कोनी उठेल नसते. कोनाले इचारा नाई लागत. नऊले निघाचं म्हटलं त रोज इचारा लागन. आठ वाजता कापूस वेचाच्या बाया जमते आमच्या दारात. हे म्हनतीन, आज वेचाले चाल, शाळा उद्या. उद्या बी तेच म्हनतीन. दुपारी घरी आल्यावर ते वावरात जातेच, त्याचं काई नाई. पन सकाळी एकदा शाळेत गेली का गेली." माणसांच्या बाजूकडे एकदा बघून घेत ती म्हणाली, "म्या नाई बोलू शकत, हे समोरच बसून राह्यतीन. तुमी सांगजा. आमचं नाव नका घेजा, पन एवढं सांगजा. अशा लय पोरी हायेत."

मी म्हटलं, बघते.

मला ते कळलं नाही असं नाही, सर. लगेच कळलं. मीही तशीच निघून यायची. बाबा उठायच्या आत मी फाट्यावर असायची, म्हणून तर शिकले. तुमच्या सात दहाने मला घराबाहेर काढलं आणि तुमच्याच कुलपाने रस्त्यावर ठेवलं. यातलं अर्धंच मी आयुष्यभर घोकलं होतं. पण तुम्ही ही वेळ आम्हा पोरींची अडचण ओळखून ठेवली होती, असं आता कुणी म्हणायला लागलं तर मी ते चालू देणार नाही. दुपारी तुमचं खताचं दुकान होतं.

सभेत आधी इतर बोलले. शाळेची पोरं आपल्या काळीपिवळीतून आणणारा एकजण म्हणाला, "माह्या गाडीले साडेनऊले दुसरी सवारी असते. पोरं सोडू का सवारी सोडू? भाडं वाढवलं त पुन्ना मलेच बोलान." एक म्हातारे पालक काठी टेकत उठले, "आमी काऊन सात वाजता येत होतो मंग? पायी येत होतो. मेलो का?" कुणी परतीची एसटी उशिराची, हिवाळ्यात घरी पोचेस्तोवर अंधार पडेल म्हणालं, कुणी क्लासचं काय म्हणालं. त्या मुलीचे वडील म्हणाले, "साडेनऊ चांगलं हाय. सकाळी पोरगी घरी हाताशी राह्यते." लोकांनी माना डोलावल्या. तो माणूस वाईट नाही. दारू नाही, मारहाण नाही. त्याला हात हवे होते आणि तो ते उघड बोलला.

मग मी उठले. वीस मिनिटं बोलले. मुलांच्या झोपेबद्दल बोलले, वाढत्या वयाबद्दल बोलले, आणि तुमच्याबद्दल बोलले. कुलूप सांगितलं, सूर्याचं वाक्य तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं, घड्याळाची गोष्ट सांगितली. सभा पोट धरून हसली. तुमच्या हाताखाली शिकलेली निम्मी मंडळी समोर बसली होती, त्यांनाही आपापली कुलपं आठवली असणार. मला तुमची जिरवायची होती आणि ती मी भर मैदानात, तुम्ही ज्या ओट्यावर उभे राहायचात त्याच ओट्यावरून जिरवली. बायांच्या बाजूला चौथ्या रांगेत ती मुलीची आई बसली होती. ती हसत नव्हती. माझ्याकडे एकटक बघत होती, आता सांगतील, आता सांगतील, अशा नजरेने. मी तिच्यावरून नजर फिरवून माणसांकडे बघत राहिले. तिचं म्हणणं सांगितलं असतं तर सात दहा राहिलं असतं. निदान सभा विचारात पडली असती, पुढची तारीख लागली असती, त्या पोरींसाठी काही वेगळी वाट काढली गेली असती. मी एका गोष्टीपुरती मूग गिळून गप्प बसले. हात वर झाले. ठराव झाला.

दिवाळीनंतर नवी वेळ लागू झाली. मी खोटं बोलत नाही, वर्ग बदलला. पहिल्या तासाला आता कुणी झोपत नाही. पोरं प्रश्न विचारतात, भांडतात, पहिल्यांदाच घरून जेवून आलेली असतात. जे लोक विरोधात होते तेही आता मॅडमचं बरोबर होतं म्हणतात. ती मुलगी पहिल्या आठवड्यात चार दिवस आली. मग दोन. मग मंगळवारी, बहुतेक त्या दिवशी वेचणी नसावी म्हणून. डिसेंबरपासून नाही. तिच्या बाजूच्या खेड्यांतल्या आणखी तीन मुली नाहीत. ऑफिसात त्यांना अनियमित म्हणतात. मी मिटिंगमध्ये हा विषय काढला तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमचीच वेळ आहे ना ही."

परवा मी त्यांच्या वावरात गेले. शेवटची वेचणी चालली होती. मुलगी कमरेला कापसाची झोळी बांधून लांबच्या ओळीत होती. तिने मला बघितलं आणि आणखी वाकली. आई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आली, मला बाभळीच्या सावलीत बसवलं, कळशीतलं पाणी दिलं. मी शाळेचं बोलले, तिच्या नवऱ्याशी बोलते म्हटलं, परीक्षेपुरतं तरी पाठवा म्हटलं. ती हो हो करत राहिली. मग ओटीतल्या तुरीच्या शेंगा माझ्या पिशवीत घालता घालता, अगदी सहज, म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुमी लय मस्त बोलल्या. म्या वाट पाहून राह्यलती, आमचं कवा सांगता म्हून."

मी म्हटलं, "विसरले हो. बोलण्याच्या भरात राहूनच गेलं."

"होते असं," ती म्हणाली. "तुमाले किती गोष्टी ध्यानात ठेवा लागते."

विसरले नव्हते, सर. मी त्या वीस मिनिटांत दुसरं काही ध्यानात ठेवलंच नव्हतं. हे त्या बाईला धुऱ्यावर बसून सांगायला हवं होतं, आणि अजूनही सांगता येईल, तिचं गाव स्कुटीने अर्ध्या तासावर आहे. पण मी तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण हे वाचून तुम्ही माझ्याकडे बघणार नाही.