कंपाच्या पेपरला आलेले बरे दिवस

३ जानेवारी
संकल्प. रोज पहाटे उठून लिहायचं. सायटेशनचा आकडा आठवड्यातून एकदाच पाहायचा. मोजपट्टीशी भांडायचं नाही. मोजपट्टी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच न्यूरोलॉजी विभागात. पेशंट किती चालला, हात किती थरथरला, सगळं मोजते. विचार करायचं काम माझ्याकडे.
मार्चमध्ये विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. दुसरं आहेच कोण?

संध्याकाळी
आकडा पाहिला. जगाने माझ्या संशोधनाचा आजवर एकशे बारा वेळा दाखला दिलाय. त्यातले चाळीस मीच दिलेत. आपला ढोल आपणच बडवावा लागतो.

११ जानेवारी
पहाटे उठणं जमत नाही. शेजाऱ्याचं कुत्रं.
मोजपट्टी केबिनमध्ये आली होती. हाताच्या कंपावर मी पूर्वी एका औषधाची चाचणी केली, पेपर छापला, त्याच्या मूळ नोंदी हव्यात म्हणाली. तेच औषध तिने आणि आणखी काही हॉस्पिटलांनी देऊन पाहिलंय, म्हणून ताडून बघायचंय. म्हटलं, कपाट बदललं तेव्हा कागद गेले. कागद माझ्या पाठीमागेच होते. पण आयत्या बिळावर नागोबा होऊ देणार नाही.

२ फेब्रुवारी
ओपीडीत तो म्हातारा घड्याळजी आला. माझ्या चाचणीत होता. औषधाने थरथर वाढली म्हणून तेव्हा कुरकुरायचा. शेवटी 'सहकार्य नाही' असा शेरा मारून त्याला पेपरातून वगळलं. औषध मात्र चालू ठेवलं, गुण यायला वेळ लागतो. अजून तीच रड. दुकान बंद करावं लागलं म्हणे. सोबतची सून म्हणाली, डॉक्टर, तेव्हाच थांबवलं असतंत तर बरं झालं असतं. उपकाराची जाणच नाही लोकांना. मोजपट्टीने दोघांना आपल्या खोलीत नेऊन बराच वेळ बसवून घेतलं. रिकामटेकडी.

२० फेब्रुवारी
कंपाच्या पेपरला एका आठवड्यात सदतीस सायटेशन. तेही परदेशांतून. पिकतं तिथे विकत नाही, ते हे.
बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, काय लिहिलंय त्यांनी तुमच्याबद्दल? म्हटलं, वाचायला वेळ कुणाला आहे? टाळ्या पडल्या की वाजवणाऱ्यांचे हात तपासत नाही कुणी.

२१ फेब्रुवारी
सायटेशनचा आलेख रंगीत छापून डीनकडे नेला. डीननी बराच वेळ पाहिला. म्हणाले, तुमचा दाखला देणारे हे सगळे पेपर वाचलेत ना? म्हटलं, तोंडपाठ. त्यावर नुसतं 'बरं' म्हणाले. त्यांच्या 'बरं'मध्ये फार काही असतं. खुर्ची पक्की.
कॅन्टीनमध्ये मोजपट्टीला सगळ्यांदेखत ऐकवलं, नुसतं मोजून कुणी शास्त्रज्ञ होत नाही. ती म्हणाली, खरंय सर. चहा तसाच टाकून गेली. संकल्प मोडला, पण कारण सबळ होतं.

९ मार्च
मुलाखत. समितीवर बाहेरच्या विद्यापीठाच्या एक बाई. त्यांनी विचारलं, सायटेशन अचानक का वाढली? म्हटलं, काळाच्या पुढचं काम जगाला उशिरा कळतं. बाईंनी चष्मा लावला आणि एका पेपरातलं वाक्य वाचलं. या चाचणीत त्रास वाढलेले रुग्ण वगळलेले दिसतात, हे औषध कंपासाठी देऊ नये. म्हटलं, असतो एखादा नाठाळ. त्यांनी दुसऱ्यातलं वाचलं. मग तिसऱ्यातलं. मोजपट्टीची मोठी चाचणी छापून आली होती, आणि जो तो तिच्या शेजारी माझा पेपर मांडत होता, काय करू नये ते दाखवायला.
म्हटलं, दाखला तो दाखला. कुणी हसलं नाही.
बाईंनी विचारलं, वगळलेल्यांचं पुढे काय झालं, माहीत आहे? म्हटलं, नोंदी नाहीत. उगाचच त्या घड्याळजीची सून आठवली. तिचा इथे काय संबंध?

१५ मार्च
मोजपट्टी विभागप्रमुख. पाठीत खंजीर. माझ्याच हाताखाली शिकलेली. कोर्टात खेचणार. वकील म्हणाले, आधी पेपर वाचतो. तेव्हापासून फोन उचलत नाहीत. वकीलही विकले जातात.
जेवताना बायकोने विचारलं, त्या औषधाने एकाचा तरी हात थांबला होता का? म्हटलं, जेवण गार होतंय.

२ एप्रिल
जर्नलने माझा पेपर मागे घेतला. तशी नोटीस छापून आली, अर्ध्या पानाची. सवयीने आकडा पाहिला. एकाने वाढलाय. नोटिशीतही मूळ पेपरचा दाखला द्यावाच लागतो.
बायकोला सांगायला उठलो. ती टेबलावर मुलांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, काय झालं?
म्हटलं, काही नाही.